साथीदारांची नावे



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, आपल्या ऑर्केस्ट्रात खंजिरी वाजवतो. शंकर-जयकिशन यांची गाणी आपण दरवर्षी गातो. पण त्यांच्याकडे ताल सांभाळणारे साहाय्यक दत्ताराम किती जणांना आठवतात? ‘परवरिश’ (१९५८) चे संगीत त्यांनी स्वतः दिले. वादक मंडळी आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. रसिकांना मात्र गायकच ठाऊक.

गेल्या वर्षी आपल्या ढोलकीवाल्याला ऐनवेळी नाईट ड्यूटी लागली. गायक तेच, माईक तोच. पण तिसऱ्या गाण्यालाच कार्यक्रम आवरावा लागला. तोवर सात वर्षांत त्याचे नाव आपण एकदाही पुकारले नव्हते. मीही नाही.

यंदा आधी वादकांची नावे घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!