उतरलेला ताप पुन्हां चढला तर

(गांवच्या चावडीपुढें केलेलें भाषण)



आज इन्फ्लुएंझाविषयीं दोन शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें आहे. पडसें, अंगदुखी, ताप यांनीं मनुष्य चार दिवस अंथरुणास खिळतो व पांचव्या दिवशीं उठतो, येवढी या दुखण्याची ओळख घरोघर आहे. बहुतेकांचें तेवढ्यावर भागतेंही. पण थोड्यांच्या बाबतींत उठल्यावर जें घडतें तें जीवघेणें असतें, आणि हे थोडे म्हणजे केवळ म्हातारे व दुबळेच असें नव्हे. नांगर धरणारे, घण मारणारे धडधाकट गडीही त्यांत सांपडतात.

१९१८ सालची मानमोडी आपल्या आजे-पणजांनीं पाहिली. जूनमध्यें ती मुंबईंत सौम्य आली; सप्टेंबरांत परतली ती काळ होऊनच. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. त्या वर्षीं पावसानेंही दगा दिला होता. साऱ्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं, आणि त्यांत वीस ते चाळीस वयाचीं फार. मुंबईंत मृत्यूचें प्रमाण युरोपियनांत हजारीं ८.३, तर ज्यांस सरकारी दप्तरांत खालच्या जातींचे म्हणून लिहिलें त्या आपल्या बांधवांत ६१.६ होतें. जंतूला जात कळत नाहीं. पण अंधारी खोली, अर्धें पोट आणि औषधावांचून पडून राहणें हीं मात्र जातवार वांटलेलीं होतीं.

हीं माणसें मेलीं कशानें? त्या साथींत मेलेल्या अमेरिकन शिपायांच्या फुप्फुसांचे जपून ठेविलेले तुकडे तेथील संशोधकांनीं पुन्हां तपासले व २००८ सालीं निकाल छापला. इन्फ्लुएंझाच्या मागून शिरलेल्या दुसऱ्याच जंतूंचा न्यूमोनिया त्यांत आढळला. आपल्या श्वासनळीस आंतून बारीक केसांचें अस्तर असतें. तें धूळ व जंतू सारखे वर लोटीत असतें. इन्फ्लुएंझाचा विषाणू हें अस्तरच सोलून काढतो. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस हे जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकाघशांत एरवीं गुमान राहतात. कुंपण मोडलें कीं गुरें शेतांत शिरावीं तसे ते फुप्फुसांत उतरतात. तेथें पू भरतो व हवेला जागा उरत नाहीं.

आमच्याच गांवच्या एका लोहाराचें पाहा. वय तीस, व्यसन कसलें नाहीं. चौथ्या दिवशीं ताप उतरला, सुगीचीं अवजारें खोळंबलेलीं, म्हणून गडी भट्टीपुढें बसला. सहाव्या दिवशीं सांजेस हुडहुडी भरली, कुशींत कळ येऊं लागली, बेडका तांबूस पडूं लागला. कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे अशक्तपणा. उताऱ्याची तयारी झाली. त्याची बायको सातवी शिकलेली. तिनें घड्याळ समोर ठेवून श्वास मोजले, ते मिनिटास ३६ भरले. सासऱ्यांचा राग पत्करून तिनें १०८ वर फोन केला. बारा दिवस गडी दवाखान्यांत होता. आज तो मागच्या रांगेंत बसला आहे. त्याच्याकडे वळून पाहूं नका, लाजेल.

तेव्हां उतरलेला ताप पुन्हां चढला, श्वास मिनिटास ३० वर गेला, ओठ निळसर दिसले किंवा माणूस बरळूं लागला, तर सकाळची वाट पाहूं नये. स्टॅफिलोकोकस एक-दोन दिवसांत माणूस नेतो. कांहींचा ताप मध्यें उतरतही नाहीं, थेट दमच लागतो.

पहिल्या तापांत दुकानांतून अँटिबायोटिक आणून खाण्याची जी चाल पडली आहे ती वाईट. विषाणूवर त्या गोळ्या चालत नाहींत, आणि उगाच खाल्ल्यानें जंतू निर्ढावतात. न्यूमोनियांत मात्र डॉक्टरानें दिलेलें तेंच औषध जीव वांचवितें. १९१८ सालीं तें नव्हतेंच. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. इन्फ्लुएंझाची लसही आज आहे, ती दर वर्षीं घ्यावी लागते. गरोदर बायकांनीं व दमा-मधुमेहाच्या रोग्यांनीं आरोग्य केंद्रांत अवश्य चौकशी करावी.

शाळेच्या कपाटांत तापमापक व बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर ठेविला आहे. आंकडा ९४ च्या खालीं दिसला कीं निघावें. रात्रीं लागल्यास किल्ली आमच्या घरीं आहे, दार वाजवावें.