काखेत पाहायचं राहून जातं



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा स्मरणिकेत छापलेला आहे. माझी वीस मिनिटं मी काखेसाठी वापरणार आहे.

अंगभर पसरलेल्या साध्या घर्मग्रंथींवर या सभागृहात काही सांगायला नको. उन्हाळा लागला की घामोळ्याचे पेशंट आपली ओपीडी भरून टाकतात. पण त्वचेने काही ठरावीक जागी वेगळ्या ग्रंथी घडवल्या आहेत. पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथींचं वर्णन हाइनरिख मायबोमने 1666 मध्ये केलं. कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि स्तनदेखील याच घराण्यातले. पापणीला रांजणवाडी झाली की माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतो, कारण ती चारचौघांना दिसते. काखेतलं आणि जांघेतलं दुखणं मात्र वर्षानुवर्षं कपड्याआड राहतं.

काखेतली अपोक्राइन ग्रंथी खोलवर, चरबीच्या थरालगत वेटोळं घालून असते. तिची नळी सहसा त्वचेवर स्वतंत्रपणे उघडत नाही. ती केसाच्या मुळाच्या वाटेत, तेलग्रंथीच्या तोंडाच्या थोडी वर उघडते. जन्मतः असलेली ही ग्रंथी कामाला लागते वयात आल्यावर. तिच्या स्रावाला स्वतःचा वास जवळपास नसतो. वास येतो तो त्वचेवरच्या जीवाणूंनी तो स्राव पचवल्यावर.

नळीची ही वाट लक्षात ठेवा, कारण आपला सगळा घोळ तिथेच आहे. काखेत, जांघेत, स्तनांखाली पुन्हा पुन्हा उठणाऱ्या गळवांचं वर्णन वेल्पोने 1839 मध्ये केलं. पुढे 1854 मध्ये व्हर्नेयने त्याचं खापर घर्मग्रंथीवर फोडलं. आपण आजही त्याला हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा म्हणतो, म्हणजे दोष ग्रंथीच्याच माथी. 1955 मध्ये शेली आणि काह्न यांनी बारा पुरुषांच्या काखेतले केस उपटून तिथे बेलाडोनाची चिकटपट्टी लावली. तिघांना तसाच फोड आला आणि ग्रंथीवरचा आरोप पक्का झाला. (आजच्या एथिक्स कमिटीपुढे हा प्रस्ताव घेऊन जायची माझी तरी छाती नाही.) नंतर सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसलं. आधी केसाच्या मुळाचं तोंड केराटिनने बुजतं, मूळ फुगतं, फुटतं, आतला ऐवज त्वचेत सांडतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडते. ग्रंथी या भडक्यात मागाहून सापडते.

आता आपल्या टेबलासमोरची बाई पाहा. वय पंचविशीचं. हात अंगाशी घट्ट, ब्लाउजच्या आत घडी घातलेला रुमाल. ‘काखमांजरी होते सारखी,’ एवढंच सांगते. सोबत सासू असेल तर तेवढंही सांगत नाही. हात वर करायला लावलं की दोरीसारखे ताणलेले व्रण दिसतात, एकाच जागी दोन तोंडांचे काळे ठिपके दिसतात आणि एक छिद्र दाबलं की दुसऱ्यातून पू येतो. त्वचेखाली बोगदा झालेला असतो. तिच्या फाइलमध्ये तीन-चार वेळा गळू फोडल्याच्या नोंदी आणि दर वेळचा अँटिबायोटिकचा कोर्स. कुणी तरी ‘स्वच्छता ठेवा’ असंही लिहिलेलं असतं. हा सल्ला मला सर्वांत खटकतो. हा आजार अस्वच्छतेतून होत नाही आणि संसर्गजन्यही नाही. तंबाखू ओढणं आणि वजन यांच्याशी त्याचं नातं आहे. काही घराण्यांत गॅमा-सिक्रिटेजच्या जनुकांत बिघाड सापडला आहे. त्या बाईने साबण कमी वापरला म्हणून काही घडलेलं नाही.

निदानाला यंत्र लागत नाही, रक्ताची कुठली तपासणीही नाही. जागा ठरलेली, फोड ठरावीक धाटणीचे आणि सहा महिन्यांत किमान दोनदा आलेले, एवढं पुरतं. तरीही जगभरच्या नोंदींत पहिल्या फोडापासून निदानापर्यंत सरासरी सात ते दहा वर्षं जातात. नुसता पू काढला की त्या दिवशीचं ठणकणं थांबतं, पण बोगद्याचं अस्तर जागेवरच राहतं, म्हणून गळू पुन्हा येतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. काखेतून वाहणारी जखम दिसली की आपल्याला आधी टीबीची गाठ फुटल्याची शंका येते, आणि ती रास्तच आहे. पण टीबी सिद्ध न होताच औषधं सुरू झालेले पेशंट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. उलट बाजूही तितकीच नाजूक. या आजारात क्लिंडामायसिनसोबत रिफॅम्पिसिन देतात. टीबीच्या या आपल्या मोलाच्या औषधाला छातीचा फोटो न पाहता हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडालिमुमॅबला अमेरिकेत 2015 मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली; ते देण्याआधी तर दडलेला टीबी शोधणं भागच आहे. या औषधाचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हेही सांगतो.

बोगद्यांवर मात्र गोळीपेक्षा सुरी बरी. नुसतं चिरायचं नाही, वरचं छप्पर काढून बोगदा उघडा करायचा. जेवणानंतरच्या सत्रात आपले शल्यचिकित्सक मित्र ते करून दाखवणार आहेत. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांनी पुढच्या रांगांत बसावं. ही पेशंट पहिल्यांदा तुमच्याकडेच येते.