तांब्याची तार, पितळी चकती आणि हाताचे कसब

(सरपंच, शिक्षक आणि महिला बचत गटांच्या प्रतिनिधींसमोर नाशिक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दागिना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सराफ बाजार येतो. हार्डवेअरचे दुकान कोणाच्याही मनात येत नाही. तथापि तांब्याची तार, पितळेच्या चकत्या, बारीक साखळी आणि नटबोल्ट या दुकानी वस्तूंपासून घरच्या घरी अलंकार घडविता येतात, आणि त्यातून कष्टाळू हातांना चार पैसेही मिळू शकतात. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

नाशिकला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. येथील सराफ बाजार, भांडी बाजार आणि तांबट आळी ही एकमेकांच्या शेजारची नावे आहेत. तांबटांच्या मठारकामात हातोडीचे सारखे ठोके पडत जातात, तसतसा मऊ पत्रा कठीण होतो आणि त्यावर चमकदार खळ्यांची नक्षी उमटते. तांब्याच्या पट्टीचे कडे घडवितानाही हाच नियम लागू पडतो. ठोकून किंवा वाकवून धातू कडक झाला, की तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा. तांबे पुन्हा मऊ होते.

आपल्या परंपरेतील पुतळ्यांची माळ पाहावी. सारख्या आकाराच्या चकत्या ओळीने गुंफणे हे तिचे मर्म आहे. ज्याला कारागीर ‘वायसर’ म्हणतात, ती पितळी चकतीही फितीवर एकीवर एक सरकवून अशीच बसविता येते. अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात १९४० च्या सुमारास अ‍ॅनी अल्बर्स आणि अलेक्स रीड यांनी नेमक्या अशाच चकत्या, केसांच्या पिना आणि मोरीची जाळी वापरून हार केले. मेक्सिकोतील मॉन्ते आल्बान येथील प्राचीन अलंकार पाहून त्यांना ही प्रेरणा मिळाली होती. १९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात त्यांच्या कामाला स्थान मिळाले. वस्तूचे मोल केवळ धातूत नसून मांडणीतही असते, हे त्यातून दिसून आले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. तार घेताना गेज पाहावा. आकडा वाढला की तार बारीक होते. १८ गेजची तार सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची असते, ती कड्याला योग्य. २२ गेजची तार सुमारे ०.७ मिलिमीटरची, ती वेटोळ्यांना आणि मणी गुंफण्यास योग्य. निमुळत्या तोंडाची पक्कड, कटर, बारीक कानस आणि लाकडी मोगरी एवढी अवजारे आरंभी पुरतात. तारेचे प्रत्येक टोक कानशीने गोल करावे, म्हणजे ते कातडीला किंवा साडीला अडकत नाही. तांबे काळवंडल्यास चिंचेने उजळते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको.

मात्र काही बाबतीत सावधगिरी हवी, आणि शिक्षकांनी ती मुलांना आधी शिकवावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार वा चकती कधीही तापवू नये. तिच्या धुराने ताप येऊन थंडी वाजते. विजेच्या तारेवरील प्लास्टिक जाळून तांबे काढण्याची रीत घातक आहे. ते सोलूनच काढावे. शिसे असलेले डाख कातडीला लागणाऱ्या दागिन्यात वापरू नये. निकेलचा मुलामा काहींच्या कानाला खाज व पुरळ आणतो, म्हणून कर्णफुलाची तार चांदीची असावी. लहान मुलांच्या अंगावर सुटे भाग असलेला दागिना घालू नये.

विक्रीच्या प्रश्नावर थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पितळेला सोने म्हणून विकणे ही फसवणूक आहे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा क्रमांक आवश्यक झाला. म्हणून आपल्या मालावर ‘तांबे’ किंवा ‘पितळ’ असे ठळक लिहावे. किंमत ठरविताना साहित्याचा खर्च, लागलेले तास आणि अवजारांची झीज या तिन्हींचा हिशेब धरावा. अनेक भगिनी आपल्या तासांची मजुरी धरीतच नाहीत. असा व्यवसाय फार दिवस तग धरीत नाही.

यामुळे सोनारांची उपेक्षा व्हावी, असे कोणी समजू नये. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटची मर्यादा आली, तेव्हा अनेक सोनारांच्या हातचे काम गेले होते. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. हाताला काम नसले की कसब गंजते, हा त्याचा धडा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सोनार व्यवसायाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ही तिची तरतूद आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. तेव्हा ती वेळेवर करणे हे सरपंचांचे कर्तव्य ठरते.

माझी विनंती एवढीच आहे. प्रत्येक शाळेने कार्यानुभवाच्या तासाला एक पक्कड आणि एक मीटर तार द्यावी. प्रत्येक पंचायतीने गावातील एखाद्या सोनार वा तांबट कारागिराला त्या तासाला सन्मानाने बोलवावे आणि त्याच्या वेळेचे मानधन द्यावे. लग्नासाठी कर्ज काढून सोने घेणाऱ्या घरांना आपण उपदेश करीत बसू नये. हाताने घडविलेला प्रामाणिक दागिना अंगावर घालण्यात कमीपणा नाही, एवढे जरी पुढच्या पिढीला पटले तरी कर्जाचा काही भार आपोआप हलका होईल.