तुरुंगांतील मौन

स्टीफन हॉबहाउस यांचा जन्म १८८१ सालीं इंग्लंडांतील एका धनिक कुळांत झाला. टॉलस्टॉयच्या लेखनानें त्यांचें मन पालटलें. वारसाहक्क सोडून ते शांतिवादी क्वेकर पंथांत गेले. १९१६ सालीं सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल त्यांस तुरुंगवास घडला. तेथें कैद्यांनीं परस्परांशीं बोलूं नये असा नियम होता. इतर कैदी तो चोरून मोडीत. हॉबहाउस यांनीं तो पाळणार नाहीं असें अधिकाऱ्यांस उघड कळवून एकांतवास पत्करला. १९१७ च्या डिसेंबरांत प्रकृति ढासळल्यामुळें ते सुटले. तरी मागें राहिलेल्यांस विसरले नाहींत. युद्धविरोधासाठींच कारावास भोगलेल्या फेनर ब्रॉकवे यांच्यासह त्यांनीं १९२२ सालीं इंग्लंडांतील तुरुंगांचा साद्यंत वृत्तान्त प्रसिद्ध केला. शिक्षेचा हेतु माणूस सुधारावा हा असेल, तर त्याची वाणीच हिरावून तो कसा साधावा?