उसवता येते ते आणि येत नाही ते



थंडीची चाहूल लागली की पुष्कळ घरांत दोन बेत ठरतात. यंदा काहीतरी विणायचे आणि घरी नानकटाई करून पाहायची. त्यांतले बरेचसे बेत अर्धवट राहतात. वीतभर विणलेला स्वेटर सुयांसकट ट्रंकेत जातो आणि पहिला घाणा बिघडला की नानकटाईचे नाव निघत नाही. मला वाटते, यात आळसाचा दोष थोडा. या दोन कामांचे स्वभाव वेगळे आहेत, हे आपण ध्यानात घेत नाही.

विणकाम चूक पोटात घालते. टाका गळला तर क्रोशाच्या सुईने तो एकेक ओळ वर चढवता येतो. फारच बिघडले तर उसवावे. लोकर कुठे जात नाही. जुना स्वेटर उसवला की लोकर कुरळी निघते. तिची लडी करून कोमट पाण्यात भिजवावी, न पिळता टांगावी आणि खाली थोडे वजन बांधावे. वाळेपर्यंत ती बरीचशी सरळ होते.

म्हणून विणायला बेधडक बसावे, पण सुरुवात स्वेटरने करू नये. लहान मुलाचा मफलर घ्यावा. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया पुरेत. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे दुकानात लक्षात असू द्या. आधी २० टाक्यांचा छोटा नमुना विणून पट्टीने मोजावा. त्याची रुंदी १० सेंटिमीटर भरली, तर १५ सेंटिमीटरच्या मफलरला ३० टाके घालायचे. सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा गुंडाळत नाहीत.

नानकटाईचे गणित निराळे. पीठ एकदा आचेवर गेले की आपल्या हातात फारसे काही उरत नाही. जे करायचे ते आधी. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, चिमूटभर सोडा आणि वेलदोड्याची पूड. तूप पातळ करू नये, नानकटाई पसरते. तूप-साखर हाताने पांढरी होईपर्यंत फेसावी, मग चाळलेला मैदा आणि सोडा मिसळून हलक्या हाताने गोळे करावेत.

ओव्हन नसला तरी अडत नाही. कोकणात काकडी, रवा आणि गुळाचे धोंडस होत आले ते पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून. आपण जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी आणि झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवावी. गोळ्यांत अंतर हवे. वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सारखे झाकण उघडू नये, आच निघून जाते. गरम नानकटाई बोटाला मऊच लागते. ती कच्ची समजून पुन्हा आत ठेवली तर करपते. निवल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते.

आपण सहसा याच्या उलट वागतो. विणायला घाबरतो आणि भट्टीच्या कामात अंदाजाने हात घालतो. मुलांना तर ही दोन्ही कामे जरूर द्यावीत, मुलींना द्यावीत तशी मुलांनाही. कुठे चुकले तरी पुन्हा मांडता येते आणि कुठे आधीच मोजूनमापून घ्यावे लागते, हे त्यांना बोटांतून कळते. ते सांगून कळत नाही.

आणखी एक सांगायचे आहे. पुष्कळ घरांत विणणारी एकच व्यक्ती उरली आहे, आजी नाहीतर मावशी. तिने आपले नमुने कुठे लिहून ठेवलेले नसतात, ते तिच्या हातात असतात. बाजारात स्वेटर स्वस्त मिळतो, नानकटाईही मिळते. तिच्या हातातली वीण मात्र तिच्या शेजारी बसल्याशिवाय मिळणार नाही. या हिवाळ्यात लोकरीचा एक गुंडा आणा आणि तिला पहिले टाके घालून द्यायला सांगा. पुढची ओळ तुम्ही विणा. चुकली तर ती उसवून देईल.