बाजाराची पावती आणि नगरपरिषदेचा कारभार



तालुक्याच्या गावी आठवडे बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतून शेतकरी भाजीची पाटी, मिरचीचे गाठोडे किंवा कोंबड्यांची डालगी घेऊन येतात आणि मोकळी जागा पाहून बसतात. तासाभराने पावतीपुस्तक घेतलेला एक माणूस येतो, पाटीकडे नजर टाकतो, पावती फाडून देतो व पैसे घेऊन पुढे जातो. खेड्यातील माणसाची नगरपरिषदेशी पहिली ओळख बहुधा या पावतीच्या रूपाने होते. शेजारी बसलेला त्याचा मुलगा पैसे देताना बापाला पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नागरिकशास्त्राचा धडा निघाला की विचारतो, "गुरुजी, ते पैसे कोणाला जातात?" पाठ्यपुस्तकातील नगरपरिषदेच्या कामांची यादी पाठ करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पावतीचा माग काढीत गेले तर मात्र नगराचा सगळा कारभार उलगडत जातो.

पावती फाडणारा माणूस पुष्कळ ठिकाणी नगरपरिषदेचा नोकर नसतो. बाजार वसुलीचा ठेका लिलावाने दिलेला असतो आणि तो ठेकेदाराचा माणूस असतो. किती जागेला किती पैसे घ्यावयाचे तो दर मात्र ठेकेदाराने ठरवावयाचा नसतो. तो नगरपरिषदेच्या सभेने ठराव करून ठरवावा लागतो. दर ठरविणे हा एका मंडळीचा अधिकार, लिलाव करून करार करणे हे दुसऱ्याचे काम, आणि वसुली तिसऱ्याची. ही विभागणी मुलांच्या ध्यानात आली की पुढचा भाग सोपा होतो.

ठराव करणारी मंडळी म्हणजे नगरसेवक. महाराष्ट्रातील लहान नगरांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषदांविषयीच्या अधिनियमान्वये चालतो. लोकसंख्या एक लाखाहून अधिक असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असेल तर 'ब' वर्ग, त्याखालील ती 'क' वर्ग नगरपरिषद. खेड्याचे रूप टाकून नगर होऊ लागलेल्या, साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावांसाठी नगरपंचायत असते. मोठ्या शहरांच्या महानगरपालिकांचा कायदा निराळा, आणि तेथील प्रमुखास महापौर म्हणतात. महापौरास नगरसेवक आपल्यातून निवडतात व त्याची मुदत अडीच वर्षांची असते. नगराध्यक्षाचे तसे नाही. वृत्तपत्रे वाचणारी मुलेही या दोन पदांची गल्लत करतात, म्हणून हा भेद वर्गात सांगितलेला बरा.

नगराध्यक्ष कोणी निवडावा याविषयी महाराष्ट्राचे मन अनेकदा पालटले आहे. २०१६ मध्ये थेट मतदारांनी निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती जाऊन नगरसेवकांनी निवडण्याची पद्धत आली, आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. त्याच पद्धतीने २०२५ च्या डिसेंबरात मतदान झाले. दोन्ही पद्धतींत काही मिळते व काही गमवावे लागते. नगरसेवकांनी निवडलेल्या अध्यक्षास सभेतील बहुमत सोबत असते, पण ते बहुमत राखण्यातच त्याचा वेळ जातो. थेट निवडून आलेल्या अध्यक्षास सबंध गावाचा कौल असतो, पण सभेत बहुमत विरुद्ध पक्षाचे असेल तर त्याचा प्रत्येक प्रस्ताव अडतो. गावाने एकाच दिवशी, एकाच मतदान केंद्रात, दोन वेगवेगळ्या पक्षांना निवडून द्यावे आणि मग पाच वर्षे त्यांच्या भांडणाबद्दल कुरकुर करावी, असेही घडते.

मतदानाचे स्वरूपही ग्रामपंचायतीहून निराळे आहे. नगरपरिषदेत एका प्रभागातून सामान्यतः दोन नगरसेवक निवडावयाचे असतात, म्हणून मतदारास त्यांच्यासाठी दोन व अध्यक्षासाठी एक अशी तीन मते द्यावी लागतात. नगरपंचायतीत प्रभागास एकच नगरसेवक असतो. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व नागरिकांचा मागासवर्ग यांनाही राखीव जागा आहेत, आणि अध्यक्षपदाचे आरक्षण सोडत काढून नगरानगरांत फिरते. याखेरीज थोडे नामनिर्देशित सदस्य असतात. त्यांना बोलता येते, मत देता येत नाही.

आता कारभाराच्या दुसऱ्या खुर्चीकडे वळावे. नगरपरिषदेच्या इमारतीत अध्यक्षांच्या दालनाजवळच मुख्याधिकाऱ्यांचे दालन असते. मुख्याधिकारी हे राज्य शासनाचे अधिकारी असतात. ते निवडून येत नाहीत, नेमले जातात आणि बदलूनही जातात. सभेत ते बसतात, विचारलेली माहिती देतात, परंतु मत देत नाहीत. ठराव झाल्यावर त्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे येते. निविदा काढणे, कामगारांवर देखरेख, करवसुली, दप्तर सांभाळणे, अंदाजपत्रकाची मांडणी ही सारी त्यांची कामे. "मोठे कोण, अध्यक्ष की मुख्याधिकारी?" हा प्रश्न मुले हटकून विचारतात, आणि मोठी माणसेही मनात तोच प्रश्न बाळगून असतात. अध्यक्ष सभा चालवितात व कारभारावर लक्ष ठेवतात. तातडीचा प्रसंग आल्यास काम करण्याची आज्ञा ते देऊ शकतात, पण तिचा अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. एरवी सभेच्या ठरावाशिवाय एकट्या अध्यक्षाच्या शब्दावर गटाराचा एक दगडही बसावयाचा नसतो. आणि ठराव बेकायदेशीर असेल, किंवा त्यामुळे शांततेचा भंग होण्याचे भय असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. दोन खुर्च्यांत कधी मेळ असतो, कधी नसतो. नसला की फायली एका दालनातून दुसऱ्या दालनात जातात व तेथेच मुक्काम करतात.

एका गटाराचेच उदाहरण घ्यावे. प्रभागातील सांडपाणी रस्त्यावर येते म्हणून नगरसेवक मागणी करतो. अभियंता जागा पाहून खर्चाचा अंदाज काढतो. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर येतो, सूचक व अनुमोदक मिळून ठराव होतो, तो इतिवृत्तात लिहिला जातो. नंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कामाचा आदेश, मोजमाप आणि बिल. यांतील कोणत्याही पायरीवर काम अडू शकते आणि प्रत्येक पायरीवर अडण्याचे कारण वेगळे असते. "नगरपरिषद काही करीत नाही" असे म्हणणाऱ्या नागरिकास ते कोणत्या पायरीवर अडले आहे हे कळले, तर त्याच्या तक्रारीस धार येते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ही पायरी शोधणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ केले आहे.

पैशाची बाजू थोडक्यात अशी. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी, नगरपरिषदेच्या गाळ्यांची भाडी ही घरची कमाई. नगराच्या वेशीवरचा जकात नाका पूर्वी उत्पन्नाचे मोठे साधन होता. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. नाक्यावर खोळंबणाऱ्या गाड्यांचा त्रास गेला हे खरे, पण त्याबरोबर नगराची तिजोरी मुंबईकडे डोळे लावून बसू लागली. घरपट्टी वाढविणे सभेच्या हाती आहे, परंतु मतदारांना तोंड द्यावयाचे असल्याने तो विषय शक्यतो पुढे ढकलण्याकडे सभेचा कल असतो. आकारणी वाढली तर हरकत घेता येते, सुनावणी मागता येते. अनेक घरमालकांस हे ठाऊक नसते, आणि मुदत निघून गेल्यावर ते कार्यालयात येतात.

ठराव झाला म्हणजे गोष्ट झाली, अशी जी समजूत आहे, तिच्यासाठी महाड नगरपालिकेचे उदाहरण शिकविण्यासारखे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपले चवदार तळे त्यांना वापरण्यास हरकत नाही असा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी सुधारणेच्या बाजूची माणसे त्या नगरात होती. तरीही तीन वर्षे तो ठराव कागदावरच राहिला. इतरांच्या भयाने तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही, आणि जाणाऱ्यांस संरक्षण देण्याची तजवीज कोणी केली नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. ठरावाने दिलेल्या हक्काचा तो वापर होता. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. पुढची गोष्ट अभ्यासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे: ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या सभेने हक्क मान्य केला तीच सभा दडपणाखाली तो काढून घेऊ शकते, हे महाडने दाखविले. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही रहिवाशांनी तळे खाजगी मालकीचे असल्याचे सांगून न्यायालयातून मनाई हुकूम आणला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. नगरपालिकेच्या कारभाराचा इतिहास शिकविताना रस्ते व दिवाबत्ती एवढ्यावरच थांबणाऱ्या पुस्तकांनी हे प्रकरण त्या धड्यात घ्यावयास हवे होते. ते स्वातंत्र्यलढ्याच्या किंवा समाजसुधारणेच्या धड्यात असते, आणि नगरसभेशी त्याचा संबंध मुलांच्या ध्यानी येत नाही.

सभेतील एकट्या विरोधी मताचेही मोल असते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला; तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. खर्च व्हावयाचा तो झाला, पण तो विरोध इतिहासात राहिला.

सभाच नसेल तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. राज्यघटनेने १९९३ पासून नगरसंस्थांची मुदत पाच वर्षांची ठरविली व मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे सांगितले. परंतु आरक्षणासंबंधीच्या न्यायालयीन प्रश्नांमुळे निवडणुका रेंगाळल्या, आणि अनेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यावर डिसेंबरात मतदान झाले. त्या मधल्या काळात झाडलोट झाली, नळाला पाणी आले, दिवे लागले. काही नागरिक तर कारभार बरा चालला असेही म्हणत. फक्त रात्री नळ फुटला तर कोणाचे दार ठोठवावे हे प्रभागातील माणसास कळेनासे झाले. अंदाजपत्रकावर उघड चर्चा झाली नाही, आणि विरोध नोंदविण्यास सभाच उरली नाही.

खेड्यातील शिक्षकास आणखी एका कारणाने हा विषय जवळचा आहे. तालुक्याच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, आणि आणखीही होतील. ज्या दिवशी हे रूपांतर होते त्या दिवशी गावाची ग्रामसभा संपते. गावातील प्रत्येक प्रौढ मतदारास जेथे उठून प्रश्न विचारता येत होता ती जागा जाते, आणि तिच्या तोडीची सभा लहान नगरात भरताना दिसत नाही. घटनेने सांगितलेल्या प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी आहेत. ग्रामीण रोजगार हमीची कामे थांबतात, बांधकामाचे नियम बदलतात. उलट नगरविकासाचा निधी मिळू लागतो, आणि पाणीपुरवठ्याच्या मोठ्या योजनेची वाट मोकळी होते. लाभ व हानी दोन्ही आहेत. पण रूपांतराच्या अधिसूचनेवर हरकती मागविल्या जातात तेव्हा ती वाचणारी माणसे गावात फार थोडी असतात, आणि त्यांत शिक्षक असतोच.

बाजारातील शेतकऱ्याकडे परत यावे. पावतीवर छापलेल्या दरापेक्षा त्याच्याकडून अधिक पैसे घेतले गेले, तर तो काय करू शकतो? त्या नगरात त्याचे मत नाही, म्हणून कोणताही नगरसेवक त्याच्यासाठी मुद्दाम उठणार नाही. तथापि ठरलेल्या दराहून अधिक घेण्याचा हक्क ठेकेदारास नाही, आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देण्यास मतदार असावे लागत नाही. अर्जासोबत पावती जोडावी लागते. बहुतेक शेतकरी ती तेथेच चुरगाळून टाकतात. पुढच्या बाजारच्या दिवशी मुलांनी आपापल्या घरच्या पावत्या जपून वर्गात आणाव्यात, त्यांवरचा दर, तारीख व ठेकेदाराचे नाव वाचावे, आणि कार्यालयातून मंजूर दरपत्रकाची प्रत मिळवून दोन्ही शेजारी ठेवून पाहावी.