हळदीचा भाव, भूकंप आणि मोबाइलवरची बातमी



संत नामदेवांच्या नर्सीचा आणि औंढ्याच्या नागनाथाचा हा जिल्हा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीत या पत्रकार संमेलनाची स्वागत समिती आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.

मराठवाड्याला वर्तमानपत्राचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये ‘मराठवाडा’ सुरू केला. निजाम सरकारने बंदी घातली की तेच पत्र दुसऱ्या नावाने निघे. निजामी गेली, तरी बातमीच्या वाटेत अंतर होतेच. सेनगाव-कळमनुरीचा वार्ताहर हाताने मजकूर लिही, फोटोसह पाकिटात घाली आणि ते एसटीच्या वाहकाकडे सोपवी. गाडी चुकली की बातमी शिळी. फॅक्स आला, संगणक आला. २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. आता गारपिटीचे चित्रण शेताच्या बांधावरूनच रवाना होते.

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास जिल्हा ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. त्याच वर्षी २१ मार्चलाही असाच धक्का बसला होता. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या या भागात लोकांना दोनच गोष्टी हव्या असतात: केंद्र कुठे आणि नुकसान किती. छापील अंक तर दुसऱ्या दिवशी येणार. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद पाहून, तहसीलमधून खात्री करून ही माहिती तासाभरात देणे आता शक्य आहे. ‘पुढचा धक्का अमुक वाजता’ हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. तसा संदेश आला तर तो तिथल्या तिथे खोडून काढणे हेही पत्रकाराचेच काम.

अफवा जीव घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराधांना ठार मारले. त्याआधी व्हॉट्सअॅपवर अशाच टोळ्यांचे संदेश फिरत होते.

सगळ्याच अफवा खोट्या असतात असेही नाही. काही अर्ध्या खऱ्या असतात. हिंगोलीच्या बाजारात हळदीच्या एखाद्या ढिगाला चढा भाव मिळतो, तेवढ्याच पावतीचा फोटो गावोगाव फिरतो. शेतकरी भाड्याची गाडी करून हळद आणतो आणि त्याला मिळतो सर्वसाधारण दर. आवक किती, किमान-कमाल भाव काय, लांब कांडी किती आणि गोल गट्टू किती, हे सगळे देणारी चार ओळींची बातमी त्या फोटोपेक्षा त्याच्या जास्त कामाची.

पण ती चार ओळींची बातमी आणायला बाजारात उभा राहणारा माणूस लागतो. जाहिराती मोबाइलकडे वळल्या. तालुक्याचा वार्ताहर अजून तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातीच्या कमिशनवर निभावतो. बातमी, फोटो, व्हिडिओ असे तिहेरी काम मात्र त्याच्याच गळ्यात. त्याच्या मोबदल्याचा विषय या संमेलनात चहापानापुरता राहू नये, ठरावात यावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.

 उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचे कामकाज सुरू करावे, ही विनंती.